वंदना सिस्टरची एम.एस्सी.: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयातलं हे प्रकरण आहे. रुग्णालयाचं, माझ्या कॉलेजचं आणि माणसांची नावं देत नाही. जिच्याभोवती हे सगळं घडलं तिला वंदना म्हणते. विशेष नवजात शिशू काळजी कक्षात, म्हणजे सगळे ज्याला एसएनसीयू म्हणतात तिथे, ती सात वर्षं अधिपरिचारिका होती. मी नर्सिंग कॉलेजात बालआरोग्य शुश्रूषा शिकवते आणि तिच्या एम.एस्सी.ची गाइड होते. त्यामुळे यात जे चुकलं त्यातला काही भाग माझ्याकडे येतो.

वर्षाला ३,००० बाळंतपणांसाठी १२ खाटा आणि पुढच्या प्रत्येक १,००० बाळंतपणांमागे ४ वाढीव, असं एसएनसीयूचं सरकारी सूत्र आहे. वंदनाच्या कक्षात १६ वॉर्मर (बाळाला ऊब देणाऱ्या खाटा) होते आणि बाळं बहुतेक दिवस त्याहून जास्त. तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असावी हे सगळ्यांना माहीत होतं. प्रत्यक्षात नाइटला दोघी आणि एक मावशी. बहुतेक सिस्टर राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावर, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर होत्या. कायम नोकरीतल्या फक्त तिघी, त्यातली वंदना एक.

या सगळ्याजणींचं नवजात बाळांविषयीचं औपचारिक शिक्षण म्हणजे चार दिवसांचं वर्ग-प्रशिक्षण आणि मोठ्या केंद्रात दोन आठवडे निरीक्षण. बाकी सगळं एकमेकींकडून आलेलं. सातशे ग्रॅमच्या बाळाला कॅन्युला लावणं, वॉर्मरचं तापमान मोजणारं प्रोब सुटलं तर बाळाच्या पायाला हात लावून ते गार पडतंय हे ओळखणं, दुधाच्या नळीतून मागे आलेल्या पाण्याचा रंग पाहून आतड्याची शंका घेणं, हे वंदनाला डोळे मिटून यायचं. मला ते आजही तिच्याइतकं येत नाही.

ज्या बाळापासून हे सुरू झालं

तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, तेराशे ग्रॅमचं एक बाळ कक्षात होतं. बाहेरून रेफर होऊन आलेलं. श्वासाचा त्रास, मग कावीळ, मग जंतुसंसर्ग. जवळजवळ अठरा दिवस ते कमी-जास्त ऑक्सिजनवर राहिलं. वजन वाढलं, वाटी-चमच्याने दूध घेऊ लागलं आणि सव्विसाव्या दिवशी घरी गेलं. कार्डावर डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ होती, डोळे तपासून घ्या. कुठे, कधी, कशासाठी, काहीच नाही.

साडेतीन महिन्यांनी आई बाळाला लसीकरणासाठी घेऊन आली आणि सहज वरच्या मजल्यावर आली, सिस्टरना बाळ दाखवायला. वंदना ड्युटीवर होती. आई म्हणाली, "ताई, हा माह्या तोंडाकडं पाहातच नाही जी." वंदनाने टॉर्च आणला, बाळाच्या डोळ्यांसमोर हलवला. बुबुळ उजेडामागे गेलं नाही. मेडिकल कॉलेजात पाठवल्यावर कळलं की दोन्ही डोळ्यांचा पडदा सुटला आहे आणि उपचाराची वेळ निघून गेली आहे.

हा आरओपी, म्हणजे रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अजून वाढत असतात. जास्तीच्या ऑक्सिजनने त्यांची वाढ बिघडते आणि पुढे पडदा ओढला जाऊन सुटतो. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायचे, आणि २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १,२०० ग्रॅमच्या खालच्या बाळांचे त्याही आधी, दोन-तीन आठवड्यांत. वेळेवर लेझर झालं तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचते.

वंदनाने त्या बाळाचे जुने केसपेपर काढून पाहिले. दर तासाच्या नोंदींत सॅच्युरेशनच्या, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्क्यांच्या, रकान्यात ९९, १००, ९९, १००. त्यातल्या बऱ्याच नोंदी तिच्या स्वतःच्या हातच्या होत्या. "मॅडम, आम्हाला शंभर म्हणजे चांगलं वाटायचं," असं तिने पहिल्याच भेटीत मला सांगितलं. पुढे शिकायचं तिच्या मनाने त्या दिवशी घेतलं.

प्रश्न कोणता होता

वरवर पाहिलं तर प्रश्न एका सिस्टरच्या उच्च शिक्षणाचा. खरं तर तीन प्रश्न एकमेकांत अडकले होते. एवढ्या तुटवड्यात दोन वर्षं एक अनुभवी हात सोडायचा का? सोडायचा तर कोणत्या अभ्यासक्रमाला? आणि ती परत येईल तेव्हा काय करेल? पहिल्या दोन प्रश्नांवर सगळ्यांनी भरपूर डोकं खाजवलं. तिसरा कुणी विचारलाच नाही, मीही नाही.

कुणी जायचं हा निर्णय तर नियमांनीच करून टाकला होता. कक्षात वंदनाच्याही वरचढ हात असलेली एक कंत्राटी सिस्टर होती. नऊ वर्षं तिथेच, बी.एस्सी. झालेली, वाचनाची आवड. पण अध्ययन रजा मिळते कायम कर्मचाऱ्याला. तिने जायचं म्हटलं असतं तर नोकरी सोडून, पगाराशिवाय, परतीची हमी नसताना. ती गेली नाही. एसएनसीयूचा गाडा ज्यांच्या खांद्यावर आहे त्यांनाच पदव्युत्तर शिक्षणाचं दार बंद, ही गोष्ट मला अजून बोचते.

समोरचे पर्याय

भारतीय परिचर्या परिषदेच्या चौकटीत वंदनासमोर तीन रस्ते होते.

एक, नवजात शुश्रूषेची पोस्ट बेसिक पदविका. एका वर्षाची, निवासी पद्धतीची, बहुतेक वेळ बाळांच्या शेजारी. तिला जे हवं होतं त्याच्या हा अभ्यासक्रम सर्वांत जवळ होता. पण ती पदव्युत्तर पदवी नव्हे, आणि बढतीच्या वेळी त्याला फारसं वजन मिळत नाही अशी सगळ्यांची धारणा होती. दोन मुलं, घरकर्ज, वय अडतीस. तिने हा हिशेब केला यात तिचं काही चुकलं नाही.

दुसरा, क्रिटिकल केअरमधली नर्स प्रॅक्टिशनर पदव्युत्तर पदवी. दोन वर्षं, त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष कामाचा. रुग्णाची तपासणी, निर्णय, ठरलेल्या प्रोटोकॉलनुसार औषधयोजना, हे सगळं शिकवणारा. पण त्याचा गाभा मोठ्या माणसांच्या आयसीयूचा. नवजात बाळांसाठी अशी वेगळी वाट अमेरिकेत १९७०च्या दशकात रुळली. तिथली निओनेटल नर्स प्रॅक्टिशनर बाळाला नळी टाकते, व्हेंटिलेटरची सेटिंग बदलते, औषध लिहिते. आपल्याकडे तिच्या तोडीची वाट अजून नाही.

तिसरा, एम.एस्सी. नर्सिंग, बालआरोग्य विषय. तिने हा घेतला. पहिल्या वर्षी शिक्षणशास्त्र, प्रगत शुश्रूषा, संशोधन आणि संख्याशास्त्र, विशेष विषयाचा पहिला भाग. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन, विशेष विषयाचा दुसरा भाग आणि प्रबंध. बालआरोग्यात मेडिसिन वॉर्ड, सर्जरी, ओपीडी, समाज, शाळा सगळं येतं, आणि नवजात अतिदक्षतेच्या वाट्याला दोन वर्षांत मोजके आठवडे. ज्या सिस्टरला नवजात बाळांतली तज्ज्ञ व्हायचं आहे तिच्यासाठी हा अभ्यासक्रम आडवा फार आहे, खोल कमी. शिकवणारी म्हणून मला हे माहीत होतं. प्रवेशावेळी तिला मी तसं स्पष्ट सांगायला हवं होतं.

पण जागा हातात आली की आपण सगळेच खूश होतो. मेट्रन मॅडमनी शिफारस केली, बंधपत्र झालं, रजा मंजूर झाली.

पहिला वळणबिंदू: प्रबंधाचा विषय

आमच्याकडे एम.एस्सी.च्या प्रबंधाचा एक मळलेला रस्ता आहे. अमुक विषयावरील संरचित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता. साठ जणींना प्रश्नावली द्या, पाऊण तास शिकवा, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा द्या. गुण वाढतात, संख्याशास्त्रातली टी-टेस्ट लागते, प्रबंध वेळेत बांधून होतो. मी स्वतः असे कितीतरी करून घेतले आहेत. त्यातून सिस्टरना काय ठाऊक आहे ते कळतं. रात्री तीन वाजता वॉर्मरपाशी ती काय करते ते कळत नाही.

वंदना आरओपीवरचाच असा विषय घेऊन आली होती. मी सही करायला पेन उघडलं आणि तिला सहज विचारलं, तुझ्या कक्षातल्या सिस्टरना ऑक्सिजनने डोळे जातात हे माहीत नाही का? ती म्हणाली, "माहीत आहे की. पण मॉनिटरचा वरचा अलार्म शंभरवरच असतो. तो वाजतच नाही."

वरचा अलार्म म्हणजे सॅच्युरेशन ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की वाजणारा. इथे आम्ही थांबलो. तिच्या कक्षात बहुतेक बाळांना भिंतीतल्या पाइपलाइनमधून निव्वळ ऑक्सिजन यायचा. हवा मिसळणारा ब्लेंडर फक्त सीपॅपच्या, म्हणजे नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणाऱ्या, मशीनला होता. बाळाच्या डोक्यावर ठेवायच्या हूडमध्ये किती टक्के ऑक्सिजन आहे हे मोजायचं साधन नव्हतं. म्हणजे ज्ञान वाढवून फार काही हलणार नव्हतं. अलार्मची मर्यादा, ऑक्सिजनचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या फ्लोमीटरवरचा हात आणि तो हात हलवायची परवानगी, हे तीन धागे धरायला हवे होते. विषय बदलायचं ठरलं: ३४ आठवड्यांच्या आतल्या, ऑक्सिजनवरच्या बाळांचं सॅच्युरेशन प्रत्यक्षात कुठे राहतं, आणि लेखी सूचना दिल्यावर ते बदलतं का.

यात धोका होता. तिच्याच रुग्णालयात जाऊन करायचं, नीतिमत्ता समितीची मंजुरी, पालकांची संमती, आणि माहिती गोळा करायला सहा आठवडे. अडकलं तर सत्र वाया. सहकारी प्राध्यापिकांनी मला सावध केलं होतं.

त्याआधी तिला मी इतिहास वाचायला लावला. १९४०च्या दशकात आणि १९५०च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नव्या इनक्युबेटरमध्ये बाळांना सढळ ऑक्सिजन मिळाला आणि हजारो मुलं आंधळी झाली. मग ऑक्सिजन सरसकट आवळला, तर बाळं दगावली. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या सपोर्ट या चाचणीतही तेच दिसलं: सॅच्युरेशनचं ८५ ते ८९चं लक्ष्य ठेवलेल्या बाळांत गंभीर आरओपी कमी, पण मृत्यू ९१ ते ९५च्या गटापेक्षा जास्त. वाचून झाल्यावर वंदना म्हणाली, "म्हणजे नुसतं कमी करा असं सांगून आलो तर आपण बाळं मारू." दोन वर्षांच्या शिक्षणातला तिच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा दिवस तो होता, असं ती आजही म्हणते.

काय केलं, आणि कुठे घसरलो

कक्षाचे बालरोगतज्ज्ञ सर तयार होते. अडचण अशी की ऑर्डरशीटवर ते "ऑक्सिजन चालू" एवढंच लिहायचे. मग सिस्टर स्वतःच्या अधिकारात कमी कशी करणार? बाळ निळं पडलं तर जबाबदार कोण? तीन बैठकांनंतर एका पानाची लेखी सूचना त्यांच्या सहीने निघाली. बाळ ऑक्सिजनवर असेल तर सॅच्युरेशनचं लक्ष्य ९० ते ९४. अलार्म खाली ८९, वर ९५. आकडा वर टिकून राहिला तर सिस्टरने फ्लो टप्प्याटप्प्याने कमी करायचा, बाळाचा श्वास आणि रंग पाहायचा, वेळ टाकून नोंद करायची. खाली गेला तर आधी सॅच्युरेशनचं प्रोब आणि ऑक्सिजनची नळी तपासायची, गरज पडल्यास वाढवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. ऑक्सिजन बंद झाला की वरचा अलार्म काढायचा, कारण साध्या हवेत बाळ शंभरवर असलं तर चांगलंच. हे शेवटचं कलम वंदनाने सुचवलं. ते नसतं तर बरी झालेली बाळंच रात्रभर अलार्म वाजवत राहिली असती.

पहिल्या आठवड्यात सगळं बिनसलं. वंदना पांढरा कोट घालून, फळी-कागद घेऊन जुन्या मैत्रिणींच्या मागे उभी राहायची आणि टिपणं घ्यायची. तिसऱ्या दिवशी चहाच्या खोलीत ती गेली की बोलणं थांबायचं. एक सिस्टर तोंडावर म्हणाली, तू आता आमची चुगली लिहिणार आणि डिग्री घेणार. कोटाची आणि फळीची कल्पना माझी होती. संशोधकाने त्रयस्थ असावं हे मी तिच्या मनावर बिंबवलं होतं.

इनचार्ज सिस्टरनी मला फोन करून सांगितलं, "मॅडम, तिला युनिफॉर्म घालून नाइट करू द्या. नाहीतर हे व्हायचं नाही." निर्णय अवघड होता. ती हातात काम घेऊन उभी राहिली तर तिची उपस्थितीच आकडे बदलणार, आणि नोंदी ड्युटीवरच्या सिस्टर करणार म्हणजे शास्त्रीय काटेकोरपणा कमी होणार. मी काटेकोरपणा सोडला. प्रबंधाच्या मर्यादांच्या प्रकरणात तसं लिहिलं, आणि तोंडी परीक्षेत त्यावरून आम्हाला बरंच ऐकूनही घ्यावं लागलं.

त्या नाइट ड्युट्यांपैकी एकीला मी कक्षात बसले होते. पहाटे तीन-सव्वातीनची वेळ. अकराव्या वॉर्मरवरच्या बाळाचा वरचा अलार्म वाजला, ९७. जुन्या सवयीने कंत्राटी सिस्टरचा हात अलार्म बंद करायच्या बटणाकडे गेला. वंदना शेजारच्या बाळाला नळीने दूध देत होती, सिरिंज हातात वर धरलेली. ती जागची हलली नाही, फक्त म्हणाली, "फ्लो बघ गं." सिस्टरने फ्लोमीटरची चकती किंचित फिरवली, आतली गोळी खाली आली. मग तिने बाळाच्या छातीवरचं फडकं बाजूला करून श्वास मोजला, पूर्ण मिनिटभर, ओठ हलवत. ९५. मग ९३. तिने घड्याळ पाहून नोंद केली आणि पुढच्या बाळाकडे गेली. या सगळ्याला पाच-सहा मिनिटं लागली. मी आयुष्यभर वर्गात जे शिकवते ते तिथे होताना पाहिलं.

निष्पत्ती

एका कक्षातले सहा आठवड्यांचे आकडे आहेत, म्हणून ते इथे देत नाही. सूचना लागू झाल्यावर ऑक्सिजनवरची बाळं लक्ष्यात जास्त वेळ राहू लागली, हे खरं. नाइटपेक्षा दिवसा फरक जास्त होता, हेही खरं. दोन सिस्टर आणि वीस-बावीस बाळं असताना अलार्मला उत्तर द्यायला हात कुठून आणणार?

टिकलेली गोष्ट वेगळीच निघाली आणि ती प्रबंधात एका ओळीपुरतीच होती. बाळ दाखल झालं की त्याच दिवशी जन्मतारखेवरून डोळ्यांच्या तपासणीची शेवटची तारीख काढायची आणि ती केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहायची. सुट्टी देताना तीच तारीख, ठिकाण आणि वार कार्डावर लिहून आईकडून वाचून घ्यायचा. आईला वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाकडून. हे आजही चालू आहे, कारण त्याला एक लाल पेन सोडून काही लागत नाही.

वंदना उत्तीर्ण झाली आणि रुजू व्हायला गेली. तिला अपघात विभागात नेमणूक मिळाली. तिथे जागा रिकामी होती आणि एसएनसीयूत तिच्या जागी दुसरी आलेली. दोन महिन्यांनी, एम.एस्सी. झालेली आहे म्हणून, रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमध्ये तात्पुरती पाठ्यनिर्देशिका, म्हणजे शिकवणारी सिस्टर. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. प्रत्येक ऑर्डरमागे खरीखुरी निकड होती. पण या काळात एसएनसीयूतले वरचे अलार्म हळूहळू पुन्हा शंभरवर गेले. सूचनेचं पान भिंतीवर होतं. ते कशासाठी आहे हे नव्या आलेल्या सिस्टरना सांगणारं कुणी नव्हतं.

इनचार्ज सिस्टर आणि बालरोगतज्ज्ञ सरांनी मिळून जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र दिलं. बऱ्याच चकरांनंतर तडजोड झाली: सकाळी एसएनसीयूत, दुपारी स्कूलमध्ये. आता विद्यार्थिनी तिच्याबरोबर कक्षात येतात आणि हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, प्रत्येक वॉर्मरवर अलार्मची मर्यादा मोठ्याने वाचली जाते. सकाळच्या हँडओव्हरला. रात्रीच्या हँडओव्हरला ती नसते.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, रजा मंजूर होतानाच परतल्यावरची नेमणूक लेखी ठरवायला हवी होती. बंधपत्रात तिने किती वर्षं सेवा द्यायची हे होतं, कुठे द्यायची हे नव्हतं. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या सिस्टरसाठी बाळाच्या शेजारची जागा आपल्या पदरचनेत नाही. अधिपरिचारिका, परिसेविका (वॉर्डची इनचार्ज), अधिसेविका (मेट्रन), नाहीतर पाठ्यनिर्देशिका. वर चढायचं तर वॉर्मरपासून लांब जावं लागतं. ही रचना एका रुग्णालयाला बदलता येत नाही, पण नेमणुकीची ऑर्डर बदलता येते.

दुसरं माझ्या बाजूचं. विषय ठरवण्याआधी मी तिच्या कक्षात एक रात्र बसायला हवं होतं. मी गेले ते माहिती गोळा करणं निम्मं झाल्यावर. आधी गेले असते तर पांढऱ्या कोटाची चूक झाली नसती, आणि नाइटच्या दोघींना सूचना लिहितानाच बोलावलं असतं. आमच्या तिन्ही बैठका दुपारी बारा वाजता झाल्या होत्या. त्या वेळी नाइट करून गेलेली सिस्टर घरी झोपलेली असते.

तिसरं, निवडक विषयांत आणि पोस्टिंगच्या वेळापत्रकात मी तिच्यासाठी जास्त भांडायला हवं होतं. अभ्यासक्रमाने ठरवलेले आठवडे कमी करता येत नाहीत, पण मेडिसिन वॉर्डमधल्या केस स्टडी नवजात विभागातल्या घेता आल्या असत्या, आणि सुट्टीच्या काळात मोठ्या केंद्रात जादा पोस्टिंग मागता आलं असतं. पुढच्या दोन विद्यार्थिनींसाठी ते मी केलं.

त्या कंत्राटी सिस्टरच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलेलं नाही. गेल्या वर्षी तिने लाल पेनाच्या तारखांचं रजिस्टर स्वतःच्या हाताने आखून काढलं. दर सोमवारी ती त्यातल्या आयांना फोन करते.

या वर्षी त्याच कक्षातल्या आणखी एका अधिपरिचारिकेचा अध्ययन रजेचा अर्ज गेला आहे. शिफारस लिहिताना इनचार्ज सिस्टरनी शेवटी एक ओळ जास्तीची घातली: परतल्यावर किमान तीन वर्षं नेमणूक याच कक्षात असावी. मेट्रन मॅडमची सही झाली आहे. फाइल सध्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर आहे.